इंदू, आधी तुझं नाव

इंदू, तू गेल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी वाचनालयात जायचं नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. जेवले, भांडी विसळली, जरा आडवी झाले आणि दीड वाजता उठून साडी बदलायला लागले. बारा वर्षांची सवय, ती काय माझं ऐकणार. मागच्या खोलीचं कुलूप मीच काढलं, सतरंजी मीच घातली. बाया एकेक करून आल्या आणि तुझ्या जागेवर कोणी बसेना. शेवटी सोमी बसली. "पंख्याखालची जागा हाय, कशाला वाया घालवायची," म्हणाली. मला तिचा राग आला आणि लगेच बरंही वाटलं, कारण तिच्या जागी तू असतीस तर तूही हेच केलं असतंस.

त्या दिवशी कोणी काही वाचलं नाही. सगळ्या तुझ्याबद्दल बोलत होत्या. मी तेवढी गप्प. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई गप्प बसली म्हणजे तिला फारच लागलंय, असं सगळ्यांना वाटलं. लागलं होतंच. पण गप्प बसायचं कारण दुसरं होतं. खोपोलीच्या त्या शालीचं. तुझ्यामाझ्यात ते कधी बोललंच गेलं नाही, आणि आता बोलायचं तर उलट उत्तर द्यायला तू नाहीस. तरी बोलते. बोलल्याशिवाय मला राहवत नाही, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

तू पहिल्यांदा आलीस ती काही लिहायला नव्हे. रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचा फॉर्म होता, आणि कर्जतच्या वाचनालयात बुधवारी एक मास्तरीणबाई बसतात, त्या फॉर्म भरून देतात, असं तुला कोणी तरी सांगितलं होतं. "जरा थांबा, आमचं वाचन चालू आहे," मी म्हटलं. तू दाराशी चपला काढून बसलीस. आपला बुधवारचा रिवाज तेव्हाही तोच होता. आपलं लिहिलेलं आपण वाचायचं नाही, दुसरीनं वाचायचं. सगळ्यांचं बोलून होईपर्यंत लिहिणारीनं तोंड शिवून बसायचं. आणि नाव अगदी शेवटी सांगायचं. त्या दिवशी भातलावणीवरचा एक लेख चालला होता. चिखलात ओळीनं उभ्या बाया, हिरवीगार रोपं, तोंडात गाणी, सगळं कसं छान. वाचून झालं, दोघीतिघींनी वाहवा केली आणि तू दारातून म्हणालीस, "हे खोटं हाय."

तू आपली सांगत सुटलीस. "लावनी करताना गातंय कोन? कंबर मोडते. इरलं पाठीवर, तोंडात चिखल जातो. दुपारपावेतो बाई बाईशी बोलत नाय. ह्या बाईनं रस्त्यावरून बघितलंय."

ती बाई मी होते. नाव सांगायची वेळ आली तेव्हा माझे कान तापले होते. तू जीभ चावलीस, पण माफीबिफी काही मागितली नाहीस. फॉर्म भरून घेतलास. पुढच्या बुधवारी बिनफॉर्मची आलीस.

त्या दिवसापासून तुझं माझं जे जुंपलं ते जुंपलंच. मी तुला म्हणायचे, लेखाला शेवट हवा. तू म्हणायचीस, "बाई, आमच्यात कामाला शेवट नसतो, लेखाला कुठनं आणू?" मी म्हणायचे, एवढ्या शिव्या नकोत. तू म्हणायचीस, मग सासूबद्दल लिहितच नाही. एकदा तर कर्जत एसटी स्टँडवर उभं राहून आपण अर्धा तास भांडलो, तुझी गाडी समोरून निघून गेली आणि तू त्याचाही दोष मला दिलास. मग दोघी कँटीनमध्ये बसून वडापाव खाल्ला. त्या वड्यातसुद्धा तू खोड काढलीस.

आणि ते रानभाजीचं पुस्तक आठवतं का गं? आपल्या बुधवारच्या गटानं तीन पुस्तकं काढली, शाळाशाळांतून वाचनं केली, स्टँडच्या फळ्यावर पंधरा दिवसांनी एक नवं पान लावलं. लोक एसटीची वाट बघत ते पान वाचत उभे राहायचे. पण रानभाजीच्या पुस्तकासारखी धमाल पुन्हा झाली नाही. सोमी माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतली, तिला लिहिता येत नाही पण डोंगरातला पाला न् पाला ठाऊक. ती सांगायची, तू लिहायचीस. कोरला, कुर्डू, टाकळा, लोत. तिची भाषा तुला निम्मी कळायची, मला पाव. तुम्ही दोघी कोपऱ्यात बसून हसायच्यात आणि मी वर्गात ओरडावं तशी ओरडायचे, जरा पुढं सरकू द्या पुस्तक.

पुस्तक छापून आलं. कळंबच्या एका रिसॉर्टवाल्यांनी हौसेनं नेलं, त्यांच्या आचाऱ्यानं त्यातलं बघून शेवळाची भाजी केली आणि मुंबईच्या पाहुण्यांना वाढली. दुपारी फोन. सगळ्यांचे घसे खाजतायत. मी धावतपळत पान काढलं. शेवळं सोलायची कशी, चिरायची कशी, फोडणी कसली, सगळं होतं. काकड नव्हता. तुम्हाला दोघींना विचारलं तर तुम्ही माझ्याकडे अशा बघायला लागलात की मीच वेडी. "शेवळात काकडाची फळं घालायची, हे काय लिवायचं असतं?" तू म्हणालीस. "भात शिजवताना पानी घाला, असं लिवाल का तुमी?"

मग काय, आपण अकरा जणी बसून चिठ्ठ्या केल्या. तुझ्या अक्षरात: काकड घाला, नायतर घसा खाजंल. एकेक पुस्तक शोधून त्यात चिकटवल्या. माथेरानच्या एका हॉटेलात चार प्रती गेल्या होत्या, त्यासाठी तू, मी आणि सोमी झुकझुक गाडीनं वर गेलो. तुझा सगळा जन्म त्या डोंगराकडे बघत गेलेला आणि वर तू पहिल्यांदा जात होतीस. गाडीत तू खिडकीला नाक लावून बसलीस. वर पोचल्यावर घोडेवाल्यानं विचारलं, "मॅडम, घोडा?" तर तू सोमीला कोपर मारून म्हणालीस, "मला मॅडम म्हनला, लिवून ठेव." लिहिता न येणाऱ्या सोमीला. आपण तिघी लाल मातीच्या रस्त्यात उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. चिठ्ठ्या चिकटवायचं काम पाच मिनिटांचं होतं, आपण दिवस घालवला. माझ्या उतारवयातला इतका चांगला दिवस मला दुसरा आठवत नाही.

आता तुझ्या लेखाचं. 'खिडकीतले हात'.

रसायनीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये तू वीस वर्षं चपात्या केल्यास. ताट द्यायची खिडकी एवढीशी, छातीच्या उंचीची. पलीकडच्या माणसांना फक्त हात दिसायचे. तू लिहिलंस, "वीस वर्सं माझे हात जेवन देत होते आन मी त्यांच्या पाठीमागं उभी होते." एकदा एसटीत एका कामगारानं तुझ्या मनगटावरचा तव्याचा डाग बघून उठून जागा दिली. मावशी, तुम्ही चपातीवाल्या ना? आणि तू काय केलंस, तर तोंडावर पदर घेतलास. त्यानं हात ओळखले, आता तोंड बघून त्याची निराशा नको. एवढंच. याला शेवट नाही, असं मी तुला तेव्हा म्हटलं नाही. बुधवारी हा लेख मीच वाचला होता आणि शेवटची ओळ दोनदा वाचली होती.

म्हणून खोपोलीच्या महिला मेळाव्यात आपल्या गटाकडून हाच लेख वाचायचा ठरला. वाचायचा मी. आपला रिवाजच तो. सभागृह भरलेलं होतं. तू तिसऱ्या रांगेत, ठेवणीतली जांभळी साडी नेसून. मी वाचला. इंदू, मी चांगला वाचला, हे आजही म्हणते. संपल्याबरोबर टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबल्या की नाव सांगायचं, असं माझ्या मनात होतं. खरंच होतं. पण त्या थांबायच्या आत अध्यक्ष उठले, माइक त्यांच्याकडे गेला आणि ते म्हणाले, एका शिक्षिकेनं कँटीनमधल्या बाईच्या अंतरंगात शिरून लिहावं, ही केवढी प्रतिभा. ज्या बायकांना स्वतःचं दुःख सांगता येत नाही, त्यांना बाईंनी शब्द दिले.

शाल आली, नारळ आला. माइक पुन्हा माझ्यासमोर आला. सांगायला किती वेळ लागला असता? हा लेख माझा नाही, ती बघा जांभळ्या साडीतली, तिचा आहे. मी "धन्यवाद" म्हटलं. पुढे काही तरी दोन वाक्यं बोलले, ती आठवत नाहीत. तू टाळ्या वाजवत होतीस, ते आठवतं.

मूग गिळून बसले, असं म्हणायलाही जागा नाही, कारण मी बोलत होते. मला आवडलं होतं, इंदू. ती खरी गोष्ट. आयुष्यभर मी लावणीवरचे असले गोग्गोड लेख लिहिले, कोणी कधी उभं राहून टाळी वाजवली नाही. त्या पाच मिनिटांत मला वाटलं, असं लिहिणारी बाई मी असते तर. आणि समोरचे सगळे मला तीच समजत होते.

परतताना टेंपोत आपण शेजारी होतो. तू शालीला हात लावून म्हणालीस, "चांगली हाय बाई. उबदार." मी म्हटलं, अगं, गोंधळच झाला तो, मी सोमवारी पेपरला पत्र लिहून कळवते. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ द्या वो." जिल्ह्याच्या पेपरात माझा फोटो आला. सोमवार आला आणि गेला. नंतरचेही गेले. तू म्हणालीस ना राहू दे, या बोलण्यावर मी माझी समजूत काढत राहिले.

तू बुधवार चुकवला नाहीस. यायचीस, दुसऱ्यांचं वाचायचीस, कोणाची मुलगी बाळंत झाली, कोणाच्या वावरात रिसॉर्ट आलं, सगळं सांगायचीस. पण स्वतःचं काही आणलं नाहीस. विचारलं की म्हणायचीस, लावणी आहे, कापणी आहे, सुनेला, वैशालीला, दिवस गेलेत. मी बायांना सांगायचे, इंदू आळशी झाली.

एकदाच तू विषय काढलास. "बाई, नाव आधी सांगू या का? वाचायच्या आधी. ऐकनाऱ्याला कळू दे, कोनाचं हाय." मला तेव्हाच समजायला हवं होतं. समजलं होतंच. आणि तरी मी तुला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. नाव आधी कळलं की माणसं नावाचं ऐकतात, लिहिलेल्याचं नाही. आणि वर तुझाच दाखला दिला. पहिल्या दिवशी लेख बाईंचा आहे हे माहीत असतं, तर तू त्याला खोटं म्हणाली असतीस का? सगळ्या हसल्या. तूही हसलीस. हात वर करायला सांगितले, माझ्या बाजूनं दहा. बाईंच्या विरुद्ध हात कोण वर करणार? तू म्हणालीस, "बरं बाई, तुमचं बरोबर हाय."

पनवेलच्या हॉस्पिटलात मी आले तेव्हा सांगणारच होते. वाटेत शब्दसुद्धा जुळवले होते. तू उशीला टेकून बसली होतीस, हात सुईनं सुजलेला. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचं सगळं रामायण तू मला सांगितलंस. मग एकदम म्हणालीस, "बाई, खोपोलीला तुमी वाचलात ना, तवा माझंच मला नवं वाटलं. मी लिवलं तवा एवढं चांगलं नव्हतं." दार उघडून दिलं होतंस मला. आणि मी काय केलं, तर मोसंबी सोलायला घेतली. म्हटलं, बोलू नकोस फार, दम लागेल. चार दिवसांनी वैशालीचा फोन आला.

त्यानंतर वाचनालयाच्या चिटणिसांचा फोन. आपल्या खोलीतच शोकसभा ठेवू, म्हणाले, आणि तुमचा तो कँटीनचा लेख वाचा ना बाई. इंदूताईंवरूनच सुचला असेल तुम्हाला. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि तिथंच खुर्चीत बसून राहिले. एक वाट अशी होती की लेख वाचायचा, डोळे पुसायचे आणि घरी यायचं. कोणाला काही कळलं नसतं. तू नव्हतीस, बाया तोंड उघडणार नव्हत्या. शाल कायमची माझी झाली असती.

सभेला माणसं बरीच आली. बाळारामभाऊ पुढं बसले होते, टोपी हातात धरून. मी उभी राहिले. हातात तुझाच कागद होता, तुझ्या अक्षरातला. "आज आधी नाव सांगते," मी म्हटलं. "खिडकीतले हात. लिहिणारी, इंदुमती बाळाराम ठोंबरे. हा लेख माझा नाही. खोपोलीला तो माझा समजला गेला, तेव्हा मी गप्प बसले. मला कळत होतं आणि मी गप्प बसले."

चिटणीस गडबडले. "म्हणजे बाई, मूळ कल्पना त्यांची होती का?"

"कल्पना नाही," मी म्हटलं. "सगळा. पहिल्या अक्षरापासून."

बाळारामभाऊंनी वैशालीकडे वळून हळू विचारलं, "इंदीचा हाय?" तिनं मान डोलावली. तुझ्या घरात तुझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. पेपरातला माझा फोटो त्यांनी पाहिला होता, वैशाली नंतर म्हणाली. तू त्यांना दाखवून सांगितलं होतंस, ह्या आमच्या बाई. मग मी लेख वाचला. या वेळी नीट वाचता आला नाही.

त्यानंतर मी पेपरच्या कचेरीत गेले. जुनी बातमी आहे, आता काय छापायचं, असं तिथला माणूस म्हणाला. मी त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिले, शेवटी त्यानं चार ओळी लिहून घेतल्या. त्या येतील की नाही, सांगता येत नाही. नाही आल्या तर मी पुन्हा जाईन. आणि बुधवारी आता वाचायच्या आधी नाव सांगतात. मीच मांडलं, अकरा हात वर झाले. नाही, दहा. सवय जात नाही.

काल वैशालीनं घरी बोलावलं होतं. पाताळगंगेच्या पुलावरून रिक्षा वळली तेव्हा लक्षात आलं, इतक्या वर्षांत मी तुझ्या घरी आलेच नव्हते. नेहमी तूच यायचीस. तिनं चहा दिला, तांदळाची भाकरी खाऊन जा म्हणाली आणि कपाटातून एक जाड वही काढली. खोपोलीनंतर तू लिहीत होतीस, इंदू. दर आठवड्याला लिहीत होतीस. लावणी, कापणी, बाळंतपण, सगळं सांभाळून.

मी हात पुढं केला. वैशालीनं वही दिली नाही. "आईंनी बुधवारात न्यायची नाही म्हणून सांगितलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही सभेत बोललात म्हणून दाखवतेय. वाचायची असली तर मी वाचते, तुम्ही ऐका." आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून ती पानं उलटत गेली. मी बाजूला बसून बघत होते. प्रत्येक लेखाच्या डोक्यावर, शीर्षकाच्याही आधी, तुझं पूर्ण नाव. त्याखाली गाव. त्याखाली एकच ओळ, सगळीकडे तीच: हे मी स्वता लिवलेलं हाय.

वैशालीनं तीन लेख वाचले. ते फार चांगले आहेत, इंदू, आणि ते मला ऐकवायचे नाहीत असं तू ठरवलं होतंस. पुढच्या रविवारी या, आणखी वाचू, असं ती म्हणाली आहे. मी जाणार आहे.

तुला राग आला होता. शाल उबदार आहे म्हणालीस, राहू द्या म्हणालीस, तुमचं बरोबर आहे म्हणालीस, आणि मी मूर्ख, त्याला तुझा मोठेपणा समजत आले. रिक्षात बसून मी आठवून आठवून पाहिलं. बाळारामभाऊंशी तू भांडायचीस, सोमीशी भांडायचीस, एसटीच्या कंडक्टरशी भांडायचीस. खोपोलीनंतर तू माझ्याशी एकदाही भांडली नाहीस.